आभासी जगातले कॉलेज



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. आपल्या गावची व्याख्यानमाला ही त्या थोरल्या मालेची एक धाकटी बहीण. या बहिणीने आज मला बोलावले याचा मला मनापासून आनंद आहे. आमंत्रण द्यायला चिटणीस घरी आले तेव्हा म्हणाले, "सर, शिक्षणावर बोला, पण आमच्या वेळी असे नव्हते, हे रडगाणे नको." मी तसे वचन दिले आहे. तेव्हा मागे वळून उसासे टाकण्याऐवजी शिक्षणाचा अगदी नवा, काहींना थोडा चमत्कारिक वाटेल असा विषय मी निवडला आहे. संगणकाच्या आत रचलेल्या आभासी जगात कॉलेजचे वर्ग भरवता येतात का, आणि भरवले तर तेथे विद्यार्थी खरोखर काही शिकतो का, हा तो विषय.

आरंभीच आपल्याला एक प्रश्न विचारतो. आज घरी बसून, पंख्याखाली पाय पसरून, खिशातल्या फोनवर जगातल्या कोणत्याही विद्वानाचे व्याख्यान ऐकण्याची सोय आपल्यापैकी बहुतेकांजवळ आहे. माझ्यापेक्षा ते विद्वान किती तरी मोठे. तरीही आपण या उकाड्यात मांडवात येऊन या लोखंडी खुर्च्यांवर बसला आहात. का बरे? या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट देता येईल, त्याला माझे आजचे व्याख्यान ऐकण्याची गरज नाही. मला ते देता येत नाही, म्हणूनच मी येथे उभा आहे. दोघे मिळून ते शोधू.

प्रथम आभासी जग म्हणजे काय, हे साध्या शब्दांत सांगतो. पडद्यावर एक गाव दिसते. त्यात रस्ते, घरे, झाडे, समुद्र आहेत. सिनेमातही हे सारे दिसते. पण सिनेमातल्या गावात आपल्याला शिरता येत नाही. येथे शिरता येते. आपली एक बाहुली त्या गावात उभी राहते. आपण कळ दाबली की ती चालते, वळते, बोलते. दुसऱ्या कोणाची बाहुली, मग तो माणूस नागपुरात असो की न्यूयॉर्कमध्ये, तिच्यासमोर येऊन उभी राहते आणि दोघांचे बोलणे होते. या बाहुलीला जगभर 'अवतार' म्हणतात. शब्द आपलाच. १९८५-८६ च्या सुमारास अमेरिकेतल्या ल्युकासफिल्म कंपनीने रचलेल्या 'हॅबिटॅट' या खेळात तो या अर्थाने वापरला गेला आणि पुढे रूढ झाला. आपल्याकडे अवतार वरून खाली येतो. तेथे खुर्चीवरून पडद्यात जातो, एवढाच फरक!

ही कल्पना मात्र संगणकाहून जुनी आहे. १९२९ साली एडविन लिंक नावाच्या अमेरिकन तरुणाने विमानाची एक नकली खोली तयार केली. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्या वाद्यातले भाते आणि हवेच्या झडपा वापरून त्याने ती खोली हलती, कलती केली. लोकांनी तिला जत्रेतले खेळणे मानले. १९३४ मध्ये अमेरिकेत टपाल नेणाऱ्या लष्करी विमानांचे अपघात एकामागून एक झाले, धुक्यात आणि रात्री वैमानिक मरू लागले, तेव्हा लष्कराने या खेळण्यांपैकी सहा विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यांवर शिकले. जमिनीवर चूक केली तर घाम येतो, आकाशात चूक केली तर प्राण जातो. नकली जगाचा शिक्षणातला पहिला आणि आजही सर्वांत भक्कम आधार हाच आहे. जेथे चूक महाग पडते तेथे ती आधी स्वस्तात करून घ्यावी.

संगणकातले पहिले बहुजनांचे जग इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात १९७८ साली सुरू झाले. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी ते रचले. त्यात चित्र एकही नव्हते. 'तू एका अरुंद वाटेवर उभा आहेस' असे पडद्यावर लिहून येई आणि पुढचे सारे मनानेच पाहायचे. कादंबरी वाचणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. मनाला जगात शिरायला फार सामग्री लागत नाही, हे कीर्तनकाराला कोणत्याही संगणकवाल्याच्या आधी ठाऊक होते.

मग २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब या कंपनीने 'सेकंड लाइफ' नावाचे जग लोकांसाठी खुले केले. त्यात हार-जीत नव्हती, राक्षस मारायचे नव्हते. कंपनीने फक्त मोकळी जमीन दिली. घरे, दुकाने, कपडे, झाडे रहिवाशांनी स्वतः घडवायची. जमिनीचा एक तुकडा २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे सुमारे सोळा एकरांचा. अशा तुकड्याला 'बेट' म्हणत. २००६-०७ पासून पुढची तीनचार वर्षे अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या अनेक विद्यापीठांनी अशी बेटे घेतली, त्यांवर इमारती बांधल्या आणि वर्ग भरवले. तेथे काय काय झाले, त्यातल्या चारपाच गोष्टी मी आपल्याला सांगणार आहे. कारण शिक्षणाविषयी गोल गोल बोलण्यापेक्षा एक वर्ग डोळ्यांसमोर आणणे बरे.

पहिली गोष्ट हार्वर्डच्या कायदा विद्यालयाची. २००६ च्या शरद ऋतूत तेथे चार्ल्स नेसन हे प्राध्यापक आणि त्यांची कन्या रिबेका नेसन यांनी मिळून एक अभ्यासक्रम चालवला. वडील कायद्याच्या विद्यार्थ्यांना खऱ्या वर्गात शिकवत. कन्या बहिःशाल विभागातल्या, दूरदूरच्या विद्यार्थ्यांना सेकंड लाइफमध्ये भेटे. त्यासाठी हार्वर्डच्या ऑस्टिन हॉल या जुन्या दगडी इमारतीची प्रतिकृती बेटावर उभारली होती, आतल्या न्यायदालनासह. बाहेरच्या कोणालाही तेथे येऊन ऐकण्याची मुभा होती. ज्या दारातून आत जायला एरवी नशीब आणि डॉलर दोन्ही लागतात, त्या दाराची निदान एक प्रतिमा सर्वांना उघडी झाली.

दुसरी गोष्ट चित्रकलेची. व्हासार कॉलेजने २००७ मध्ये रोमच्या सिस्टीन चॅपेलची प्रतिकृती उभी केली. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या चार वर्षांत रंगवलेले ते छत जमिनीपासून सुमारे वीस मीटर उंच आहे. प्रत्यक्ष रोमला गेलेला माणूस गर्दीत मान दुखेपर्यंत वर पाहतो आणि पहारेकऱ्याने हाकलले की बाहेर पडतो. पण सेकंड लाइफमध्ये अवताराला उडता येते. विद्यार्थी वर जाऊन छताला नाक लावून पाहू शके. पुस्तकातल्या चित्रात छताची उंची कळत नाही, प्रत्यक्षात तपशील दिसत नाही. येथे दोन्ही जमले. खरा रंग, खरा ओलावा, चारशे-पाचशे वर्षांचा वास मात्र नाही. तो रोमलाच.

तिसरी गोष्ट कॅनडातली. ओंटारिओ प्रांतातल्या लॉयलिस्ट कॉलेजात सीमेवरच्या अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम होता. २००१ च्या सप्टेंबरात अमेरिकेवर हल्ला झाल्यानंतर सीमेवरची व्यवस्था कडक झाली आणि विद्यार्थ्यांना नाक्यावर उभे राहून अनुभव घेणे बंद झाले. मग कॉलेजने सेकंड लाइफमध्ये नाकाच बांधला. एक विद्यार्थी अधिकारी होई, बाकीचे मोटारीतून येणारे प्रवासी. कोणी खरे बोले, कोणी लपवी. प्रश्न कसे विचारायचे, आवाज कुठे चढवायचा, कुठे नाही, हे तेथे घोटून घेतले. मुलाखतीच्या परीक्षेत त्या विद्यार्थ्यांची चांगली प्रगती दिसली, असे कॉलेजने नमूद केले. यात चित्रांची करामत फार नव्हती. करामत होती ती समोरच्या मोटारीत जिवंत माणूस असण्याची.

चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत पीटर यलोलीस नावाचे मानसोपचाराचे प्राध्यापक होते. स्किझोफ्रेनियाच्या रोग्याला जे भास होतात ते वैद्यकाच्या विद्यार्थ्याला कसे समजावे? पुस्तकात लिहिलेले असते, 'रोग्यास आवाज ऐकू येतात.' विद्यार्थी ते पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत उतरवतो. यलोलीस यांनी रोग्यांशी बोलून त्यांच्या भासांवरून एक आभासी दवाखाना रचला. विद्यार्थी त्यात चालू लागला की दूरचित्रवाणी त्याच्याशीच बोलू लागे, पायाखालची जमीन नाहीशी होई, आणि सगळा वेळ एक आवाज त्याला हिणवत राही. अशा दवाखान्यातून फिरून आलेला डॉक्टर पुढच्या वेळी रोग्याला 'मनावर घेऊ नका हो' असे सहजी म्हणणार नाही. भगिनींनो आणि बंधूंनो, हे शिक्षण फळ्यावर होत नाही. ते खऱ्या जगातही होत नाही, कारण खऱ्या जगात दुसऱ्याच्या डोक्यात शिरायला वाट नाही.

आता पाचवी गोष्ट. ती माझ्या विषयाची आहे. मी आयुष्यभर तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवले. दरवर्षी जुलैत मेंडेल आणि त्याचे वाटाणे यायचेच. टेक्सस वेस्लियन विद्यापीठातल्या मेरी अॅन क्लार्क या प्राध्यापिकेने सेकंड लाइफमध्ये 'जीनोम बेट' रचले. त्यावर मेंडेलचा मठ आहे, मठाची बाग आहे आणि बागेत वाटाण्याचे वेल आहेत. विद्यार्थ्याने दोन झाडांचा संकर करायचा आणि येणारी संतती मोजायची.

यात विशेष ते काय, असे आपण विचाराल. मेंडेलने गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केला, आणि दुसऱ्या पिढीत त्याला ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. हे आम्ही फळ्यावर लिहितो, मुले वहीत लिहितात, आणि त्यांची समजूत होते की प्रत्येक शेंगेत तीन गोल आणि एक सुरकुतलेला अशी वाटणी देवानेच करून ठेवली आहे. वस्तुतः मेंडेलच्याच नोंदीत एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले दाणे होते. दुसऱ्या एकावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले! नियम एका झाडात दिसत नाही, हजारो दाण्यांत दिसतो. विज्ञानातली ही फार मोठी शिकवण आहे, आणि ती सांगून पटत नाही. स्वतः मोजून, फसून, पुन्हा मोजून पटते. खरे वाटाणे लावून हे करायचे तर एक पीक यायला तीन महिने लागतात आणि आमचे सत्र चार महिन्यांचे. आभासी बागेत विद्यार्थी एका दुपारी पन्नास झाडे मोजू शकतो. माझ्या तीस वर्षांच्या खडूला जे जमले नाही ते या बागेला जमेल, हे मी कसलाही संकोच न धरता कबूल करतो.

परंतु त्याच बागेत काय हरवते तेही सांगितले पाहिजे. मेंडेलने १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षे त्या बागेत घालवली. फुलातले परागकोश चिमट्याने काढणे, फूल पिशवीत बांधणे, पाऊस आणि किडीची वाट अडवणे, आणि थांबणे. १८६५ साली ब्र्नो गावच्या अभ्यासक मंडळापुढे त्याने दोन व्याख्याने दिली. श्रोत्यांना ती उमगली नाहीत. पुढे १९०० पर्यंत जगाने त्याची दखल घेतली नाही. हे थांबणे आभासी बागेत कुठे शिकवायचे? तेथे वाटाणा कधी कुजत नाही. ज्याने कुजलेला वाटाणा पाहिला नाही त्याला गणित येईल. शेतकी येईलच असे नाही.

या गोष्टी ऐकून कोणाला वाटेल, मग अडले कुठे? गेल्या वीस वर्षांत सारी कॉलेजे पडद्यात का गेली नाहीत? त्याची कारणे तीन.

पहिले कारण साधे आहे. त्या जगात चालायला शिकण्यातच विद्यार्थ्याचे पहिले आठवडे जात. कोणाचा अवतार भिंतीला धडकत राही, कोणाचा छपरावर जाऊन बसे, कोणी पंख लावून वर्गात येई. प्राध्यापकांची स्थिती त्याहून वाईट. आणि इतके करून पुष्कळ ठिकाणी झाले काय? आभासी इमारत, आभासी बाके, आभासी फळा, आणि त्याच्यासमोर ओळीने बसवलेले अवतार! ज्या जगात उडता येते त्या जगात आम्ही मुलांना बाकावर बसवले. यात दोष यंत्राचा नव्हता. आमच्या कल्पनेचा होता.

दुसरे कारण खोल आहे. १९८३ साली रिचर्ड क्लार्क या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने एक कडू गोष्ट सांगितली. साधन हे शिकवणे पोचवणारे वाहन आहे. भाजीची गाडी बदलली म्हणून भाजी अधिक पौष्टिक होत नाही. १९९९ मध्ये टॉमस रसेल यांनी ३५५ संशोधनांचा आढावा घेतला. रेडिओ, टीव्ही, टपाल, संगणक, साधन कोणतेही असो, शिकण्याच्या फळात लक्षणीय फरक दिसत नाही, असा त्याचा सूर होता. अलीकडे कोपनहेगनचे गीडो माक्रान्स्की यांनी अमेरिकेतल्या रिचर्ड मेयर प्रभृतींबरोबर ५२ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. तो २०१९ मध्ये छापून आला. तीच आभासी प्रयोगशाळा काहींना साध्या पडद्यावर दिली, काहींना डोळ्यांवर चढवायच्या यंत्रातून. यंत्रवाल्यांना आपण खरोखर तेथेच आहोत असे अधिक वाटले. आणि ते शिकले मात्र कमी! डोळे इतके दिपले की बुद्धीला उसंत मिळाली नाही. जत्रेला गेलेल्या मुलाला पाळण्याची यंत्ररचना विचारू नये, तो प्रकार.

म्हणजे 'तेथे असल्यासारखे वाटणे' आणि 'शिकणे' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सीमेवरच्या नाक्यात आणि भासांच्या दवाखान्यात त्या एकत्र आल्या, कारण तेथे शिकायचे होते तेच मुळी 'तेथे असणे' होते. पण ज्याला केवळ सूत्र शिकायचे आहे त्याला महाल कशाला?

तिसऱ्या कारणाकडे वळण्यापूर्वी मला आपल्याला २०२० सालात न्यायचे आहे. ते वर्ष आपण कोणी विसरलो नाही. मार्चच्या अखेरीस देश बंद झाला. युनेस्कोच्या मोजणीप्रमाणे जगातले १५० कोटींहून अधिक विद्यार्थी शाळा-कॉलेजांबाहेर पडले. आभासी जगाची वीस वर्षे चाललेली चर्चा एका आठवड्यात सर्वांच्या घरात शिरली. पण आपल्या वाट्याला आली ती बेटे नव्हेत, उडणारे अवतार नव्हेत. आपल्या वाट्याला आले फोनवरचे काळे चौकोन, आणि चौकोनात नावे.

मी त्या वर्षी निवृत्तीच्या उंबऱ्यावर होतो. घरातल्या कपाटाच्या आरशाला कागद चिकटवून मी फळा केला. वर्गात एकशे दहा नावे. चौकोन उघडत पस्तीस-चाळीस. एकदा हजेरी घेताना एका मुलाच्या आवाजात वाऱ्याचा घोंघाट येऊ लागला. मी रागावून विचारले, "कुठे आहेस रे?" तो म्हणाला, "सर, टेकडीवर आलोय. घरात रेंज नाही. आता आवाज येतोय का?" आवाज येत होता; मलाच बोलता येईना. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात शंभरांतल्या चारसाडेचार घरांत संगणक होता आणि सुमारे पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती. पाहणी मी वाचली होती. तो आकडा टेकडीवर चढून वही मांडीवर घेऊन बसतो, हे मला त्या दिवशी कळले. फोन आज पुष्कळ घरांत आला आहे, हे खरे. पण तीन भावंडांत एक फोन असतो, आणि तो कोणाच्या हातात राहतो हे घरातल्या मुलींना विचारावे.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट. पुढच्या वर्षीची प्रात्यक्षिक परीक्षा फोनवर तोंडी झाली. एका मुलीने सूक्ष्मदर्शक कसा लावायचा ते इतके चोख सांगितले की मी पैकीच्या पैकी गुण दिले. पुढे कॉलेज उघडल्यावर ती प्रयोगशाळेत आली, सूक्ष्मदर्शकासमोर बसली, आणि तिने मोठे चक्र उलटे फिरवून भिंग थेट काचपट्टीवर आणले. पट्टी फुटली. ती रडू लागली. म्हणाली, "सर, मला सगळं येतं." तिला खरोखर सगळे येत होते, हाताला येत नव्हते. तिचा दोष काही नव्हता. गुण मी दिले होते. ती फुटलेली काच मी टाकून दिली नाही, टेबलाच्या खणात ठेवली. निवृत्त झालो त्या दिवशी ती बरोबर आणली.

आता आपल्याकडच्या एका चांगल्या प्रयत्नाविषयी बोलले पाहिजे. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या योजनेतून 'व्हर्च्युअल लॅब्ज' नावाचा उपक्रम चालतो. दिल्लीच्या आयआयटीकडे त्याचे सूत्रसंचालन आहे आणि मुंबईची आयआयटी, पुण्याचे जुने अभियांत्रिकी कॉलेज अशा अनेक संस्था त्यात सहभागी आहेत. शंभराहून अधिक आभासी प्रयोगशाळा आणि त्यांत शेकडो प्रयोग, कोणालाही मोफत. त्यांत महाल नाही, अवतार नाही. साधी चित्रे, फिरवायच्या कळा आणि निरीक्षणांची वही. मला हे साधेपण आवडते. ज्या कॉलेजात एका सूक्ष्मदर्शकावर पंधरा मुले असतात तेथे मुलाने आदल्या रात्री असा प्रयोग पडद्यावर दहा वेळा करून यावे आणि सकाळी खऱ्या यंत्राला हात लावावा. आधी पडदा, मग हात. पडद्याने हाताची तयारी करावी. हाताची जागा घेऊ नये. ती काच मला एवढेच सांगते.

आणि आता तिसरे कारण. त्यासाठी मी आपल्याला आपलीच एक जुनी कथा आठवून देतो. एकलव्याला द्रोणाचार्यांनी नाकारले. त्याने अरण्यात मातीची मूर्ती केली, तिला गुरू मानले आणि धनुर्विद्या शिकला. आभासी गुरूचा याहून जुना दाखला मला माहीत नाही. तो शिकला कसा? मूर्ती काही बोलत नव्हती. त्याची निष्ठा, त्याचा सराव, आणि लागलेला अथवा चुकलेला बाण हे त्याचे शिक्षक. ज्याला दार बंद आहे त्याच्यासाठी प्रतिमाही उपकारक ठरते, हे कथेचे पूर्वार्ध सांगतो. उत्तरार्ध आपण जाणताच. गुरुदक्षिणा मागायला खरा गुरू आला, आणि त्याने अंगठा मागितला.

सेकंड लाइफमधली बेटे विद्यापीठांच्या मालकीची नव्हती; भाड्याची होती. मोठ्या बेटाचे भाडे महिन्याला २९५ डॉलर, शिक्षणसंस्थांना निम्मे. २०१० च्या ऑक्टोबरात कंपनीने जाहीर केले की येत्या जानेवारीपासून शिक्षणसंस्थांची सवलत बंद. अनेक विद्यापीठांचे अंदाजपत्रक आधीच ठरलेले होते. काहींनी बेटे सोडली. काही 'ओपनसिम्युलेटर' या मोफत, आपल्याच संगणकावर चालवता येणाऱ्या व्यवस्थेकडे वळली. जी नुसती सोडली त्यांच्यावरचे मठ, दवाखाने, बागा, शिक्षकांनी रात्री जागून रचलेले सारे पुसले गेले. विटांचे कॉलेज बंद पडले तर निदान भिंती उरतात, शेळ्या तरी बसतात. येथे तेही नाही. २०१३ मध्ये कंपनीने सवलत पुन्हा दिली. पण गेलेले बहुतेक लोक परतले नाहीत. कंपनीने काही अन्याय केला असे मी म्हणत नाही. व्यापार करणारा व्यापारच करणार. चूक आपली. आपण शाळा बांधली ती दुसऱ्याच्या अंगणात.

आज आपल्या कॉलेजांच्या दाराशी नवे विक्रेते उभे आहेत. डोळ्यांवर चढवायची यंत्रे, यंत्रातले वर्ग, पहिले वर्ष मोफत. प्राचार्य आणि संस्थाचालक मंडळी या मांडवात आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. पहिला: हे शिकवायला खरे जग अपुरे, महाग, दूर किंवा धोक्याचे आहे काय? नसेल तर मुलांना बाहेर शेतात, नदीवर न्या. ते फुकट आहे. दुसरा: टेकडीवरच्या मुलाला हे मिळेल काय? तिसरा: यात जिवंत शिक्षक कुठे आहे? सीमेवरच्या नाक्यात समोरच्या मोटारीत माणूस होता, हे विसरू नका. आणि चौथा: उद्या सवलत संपली तर आपल्या हाती काय उरेल? अंगठा कोणाचा जाणार?

या चारही प्रश्नांना नीट उत्तरे मिळाली तर बेलाशक घ्या. मी जुना माणूस असलो तरी नव्याला भिणारा नाही. भासांचा दवाखाना आपल्या वैद्यक कॉलेजांत मराठी आवाजांनिशी उभा राहावा, मेंडेलची बाग तालुक्याच्या मुलाच्या फोनवर उघडावी, असे मला मनापासून वाटते. वर्गात तोंड न उघडणारी मुले अवताराआडून बोलू लागतात, असा अनुभव अनेक शिक्षकांनी सांगितला आहे; आणि अशी मुले मी फार पाहिली आहेत. त्यांच्यासाठी एवढे तरी व्हावे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे. आपण येथे का आलात? मला वाटते, वक्त्याला ऐकण्यासाठी तर आलातच, पण शेजारच्याबरोबर ऐकण्यासाठी आलात. मघाशी मी काचेची गोष्ट सांगितली तेव्हा समोरच्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजारच्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात माझ्या व्याख्यानाचा भाग नव्हता, आणि घरी जाताना त्या तरुणाच्या लक्षात कदाचित तेवढाच राहील. जे कोणी आभासी कॉलेज रचतील त्यांनी सिस्टीन चॅपेलचे छत जरूर रचावे. त्यांना त्या हातासाठीही काही जागा करता आली, तर तेथे शाळा भरली असे मी म्हणेन. तोवर, ज्यांना टेकडीवर चढावे लागते त्यांच्यासाठी पडदा, आणि ज्यांना चढावे लागत नाही त्यांच्यासाठी हा मांडव, दोन्ही चालू ठेवू या.